आधी पायपीट, मग पेन्सिल

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझे सगळे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले. त्यामुळे मराठीत चार पानं लिहायची म्हटलं की मला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी दुरुस्त केल्या असतीलच, उरलेल्या तुम्ही पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं होतं. कारण ज्या माणसाबद्दल लिहितेय तो जन्माने स्कॉटिश असला तरी आपल्या मुंबईत पाच वर्षे प्रोफेसर होता. सिव्हिलवाल्यांना त्याचे नाव माहीत आहे, पण कसे? टाउन प्लॅनिंगच्या पेपरला दोन मार्कांची टीप म्हणून! आपण ती पाठ करतो, लिहितो आणि विसरतो. मीही विसरले होते.

आठवण करून दिली ती गेल्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टने. आमच्या चौघींच्या ग्रुपला शहराबाहेरचा पाच एकरांचा एक प्लॉट दिला होता, त्यावर रहिवासी वसाहतीचा लेआउट करायचा. आम्ही काय केलं? हॉस्टेलच्या खोलीत बसून सॅटेलाइट इमेज डाउनलोड केली, ऑटोकॅडमध्ये चौकट आखली, नऊ मीटरचे रस्ते टाकले, सहा बिल्डिंगा एका रांगेत उभ्या केल्या आणि जी जागा उरली तिला हिरवा रंग देऊन गार्डन असं लिहून टाकलं. रिपोर्टच्या शेवटी पर्यावरणाचे एक प्रकरण लागते. ते सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता एका सीनियरच्या फाइलमधून जसेच्या तसे उचलले. फक्त गावाचे नाव बदलायचे होते, तेसुद्धा एका ठिकाणी बदलायचे राहिले!

व्हायवाला सरांनी शीट शांतपणे बघितली आणि एकच प्रश्न विचारला. या प्लॉटवर पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं? चौघीही पंख्याकडे बघत राहिलो. सरांनी मार्क दिले नाहीत, रागावलेही नाहीत. आठ दिवसांची मुदत दिली आणि लायब्ररीत जाऊन पॅट्रिक गेडिस वाचा म्हणून सांगितलं. त्या आठ दिवसांत जे हाताला लागलं ते तुम्हाला सांगते.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या छोट्या गावी झाला. (हो, आपल्या गांधीजयंतीचीच तारीख!) वडील सैन्यातून निवृत्त झालेले. पॅट्रिक हा भावंडांत शेंडेफळ. त्याचे बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवरच्या एका घरात गेले. घराला बाग होती आणि टेकडीवरून खाली सगळं खोरं दिसायचं. नदी, शेतं, गाव, गिरण्यांची धुराडी असं सगळं एका नजरेत. मोठेपणी या माणसाने जो काही विचार मांडला, त्याचे मूळ मला तरी या टेकडीवर दिसतं. जो मुलगा रोज सकाळी नदी आणि गाव एकाच चित्रात बघतो, त्याला पुढे नदी वेगळी आणि गाव वेगळं असा विचार करताच येत नाही.

घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्याने वर्ष-दीड वर्ष बँकेत नोकरी केली. मन रमले नाही. मग वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेला आणि आठवड्याभरात सोडून आला! तिथे वाळलेली, दाबून ठेवलेली झाडं शिकवत होते आणि याला जिवंत झाडं हवी होती. नंतर लंडनला टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली तो जीवशास्त्र शिकला. हक्सले म्हणजे डार्विनचा उत्क्रांतिवाद जगाला भांडून पटवून देणारे शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे शिकूनही गेडिस यांनी पदवी अशी कधी घेतलीच नाही. केटी लागलेल्या मित्रमैत्रिणींनी इथे लगेच खूश होऊ नये, त्या माणसाचा अभ्यास आपल्या दसपट होता.

१८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे एक संकट कोसळले. डोळे गेले. सूक्ष्मदर्शकात बघून ज्याचे पोट भरायचे त्या पंचविशीतल्या तरुणाला डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसवले. कित्येक आठवडे तसे गेले. पुढे दृष्टी परत आली, पण दिवस दिवस सूक्ष्मदर्शकावर बसण्यासारखे डोळे पुन्हा झाले नाहीत. त्या अंधारात बसल्या बसल्या बोटांनी खिडकीच्या तावदानांच्या चौकटी चाचपताना त्यांना एक कल्पना सुचली. कागदाला घड्या घालायच्या, चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात एक विषय ठेवायचा आणि शेजारच्या चौकोनाशी त्याचं नातं काय ते शोधायचं. यातूनच पुढे त्यांची ती प्रसिद्ध त्रयी तयार झाली, जी आपण पेपरात लिहितो. स्थळ, काम आणि लोक. ल प्ले नावाच्या फ्रेंच विचारवंताकडून त्यांनी याचा धागा घेतला होता. अर्थ साधा आहे. जमीन कशी आहे त्यावर लोक काय काम करणार ते ठरतं, कामावर त्यांचं जगणं ठरतं आणि तेच लोक उलट त्या जमिनीला बदलतात. तिघांपैकी एकाला सोडून दुसऱ्याचा विचार केला की गणित चुकलंच म्हणून समजा.

एडिंबराला परत आल्यावर ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. अ‍ॅना लिव्हरपूलच्या एका सुखवस्तू व्यापाऱ्याच्या कन्या. नवीन जोडप्याने घर कुठे केले असेल? एडिंबराच्या जुन्या गावठाणात, जेम्स कोर्ट नावाच्या एका पडक्या, कोंदट इमारतीत. त्या काळी त्या भागातून चांगल्या घरचे लोक नाक दाबून जात. गेडिस पती-पत्नी तिथे राहायला गेले, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी जिने घासले, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे लावली. मोकळ्या पडलेल्या कोपऱ्यांत छोट्या बागा केल्या. सगळी वस्ती पाडून टाकण्याऐवजी जे अगदीच कुजले आहे तेवढेच काढायचे, मधे हवा आणि ऊन येऊ द्यायचे आणि बाकीचे दुरुस्त करायचे. या पद्धतीला त्यांनी पुढे जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. सर्जन जसा आख्खा पाय कापण्याआधी दहा वेळा विचार करतो, तसं.

आणि आता हॉस्टेलवाल्यांसाठी खास! १८८७ मध्ये गेडिस यांनी एडिंबरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. स्कॉटलंडमधले ते अशा प्रकारचे पहिलेच. त्याची गंमत अशी की तिथला कारभार विद्यार्थी स्वतः बघत. रेक्टर नाही, नियम मुलांनीच ठरवायचे. (रेक्टर मॅडमनी हा परिच्छेद कृपया गाळून वाचावा. आमच्या गेटची साडेनऊची वेळ बदलावी अशी आमची काहीही मागणी नाही.) पण यामागे नुसती मजा नव्हती. शिकणाऱ्या मुलांनी शहराच्या जुन्या, गरीब वस्तीतच राहावं, ते शहर रोज बघावं, त्याची दुरुस्ती आपल्या अंगावर घ्यावी असा त्यांचा हेतू होता.

१८८८ मध्ये त्यांना डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रोफेसरकी मिळाली. अट अशी की वर्षातून फक्त उन्हाळ्याचे तीन महिने शिकवायचे. उरलेले नऊ महिने मोकळे! ते त्यांनी शहरांना दिले. १८९२ मध्ये एडिंबराच्या किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेऊन त्यांनी आउटलुक टॉवर उभा केला. सगळ्यात वर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे काळोख्या खोलीत भिंगाने आणि आरशाने आजूबाजूच्या शहराचे हलते चित्र टेबलावर पाडणारे यंत्र. ते बघून खाली उतरायला लागलं की पुढचा मजला एडिंबरा शहराचा, त्याखाली स्कॉटलंडचा, मग युरोप आणि तळाला जग. म्हणजे आधी स्वतःची गल्ली बघा, मग जगाबद्दल बोला. पाहुण्यांना ते स्वतः धापा टाकायला लावत जिने चढवत. तो कॅमेरा ऑब्स्क्युरा आजही एडिंबरात पर्यटक बघायला जातात.

याच विचारातून त्यांनी खोऱ्याचा छेद मांडला. आपण कॉलम-बीमचा सेक्शन काढतो तसा त्यांनी डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या आख्ख्या खोऱ्याचा सेक्शन काढला. वर डोंगरात खाणकामगार, लाकूडतोड्या आणि शिकारी, उतारावर मेंढपाळ, खाली शेतकरी, किनाऱ्यावर कोळी. शहर हे या सगळ्याच्या शेवटी येते. म्हणून शहराचा नकाशा महापालिकेच्या हद्दीवर संपत नाही, तो नदीच्या उगमापासून सुरू होतो. वर जंगल तुटलं तर खाली गटार तुंबणार, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी कागदावर काढून दाखवलं. आज आपण याला वॉटरशेड म्हणतो आणि त्यावर पेपर वाचतो.

पण मित्रांनो, यश काही त्यांच्या मागे धावत आले नाही. १९०४ मध्ये डनफर्मलिन या गावासाठी त्यांनी मोठा अहवाल तयार केला. आधी गावाची पाहणी, फोटोंवर फोटो, घाण झालेला ओढा साफ केला तर कसा दिसेल त्याची चित्रे, आणि मग योजना. काम देणाऱ्या ट्रस्टने तो बाजूला ठेवला. शिवाय स्वभाव म्हणाल तर अवघड! अक्षर वाचता येत नसे, बोलताना शब्द दाढीत हरवत, एक काम अर्धे टाकून दुसरे सुरू करायची सवय आणि पैशाचा हिशेब तर विचारूच नका. घर चालवायचे अ‍ॅना यांनी. थोर माणसाच्या चरित्रात हे सहसा लिहीत नाहीत, पण मला उलट याचाच आधार वाटला.

१९११ पासून त्यांनी नगररचनेचे एक फिरते प्रदर्शन सुरू केले. नकाशे, चित्रे, जुन्या शहरांचे आराखडे असा वर्षानुवर्षे जमवलेला खजिना. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात त्याला मोठे बक्षीस मिळाले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावले. गेडिस आणि त्यांचा मोठा मुलगा अ‍ॅलॅस्डर पुढे निघाले, प्रदर्शन मागून क्लॅन ग्रँट नावाच्या जहाजाने यायचे होते. पहिले महायुद्ध सुरू झालेले. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने ते जहाज बुडवले. आयुष्यभराचे काम हिंदी महासागराच्या तळाला! आपली हार्ड डिस्क क्रॅश झाली तर आपण दोन दिवस जेवत नाही. या माणसाच्या वयाला साठ वर्षे झालेली. इंग्लंडमधल्या मित्रांनी धडपडून नवीन सामान गोळा करून पाठवले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेसुद्धा.

इथून त्यांच्या आयुष्याचा भारतातला भाग सुरू होतो. मद्रास आणि मुंबई इलाख्यातली गावे, लखनौ, लाहोर, ढाका, बडोदा, इंदूर, कलकत्त्याचा बडा बाजार अशा कितीतरी ठिकाणांचे अहवाल त्यांनी लिहिले. त्या वेळची सरकारी पद्धत ठरलेली होती. गाव गलिच्छ आहे, रोगराई आहे, मग नकाशावर पट्टी ठेवून एक सरळ रुंद रस्ता काढायचा. मधे येतील ती घरे पाडायची. माणसं जातील कुठे? शेजारच्या गल्लीत, म्हणजे तिथली गर्दी दुप्पट. रोग तिथला तिथेच. गेडिस याच्या विरुद्ध उभे राहिले. तंजावरसारख्या गावात ते दिवस दिवस उन्हात गल्लीबोळ पालथे घालत. कुठले घर खरंच पडायला आले आहे, कुठे मोकळे अंगण आहे, कुठल्या झाडाखाली म्हातारी माणसे बसतात, पोरं कुठे खेळतात, पाणी कुठून कुठे वाहतं, सगळं नकाशावर नोंदवत. मग सरळ रस्त्याऐवजी चार पडकी घरे काढून, एखादा पिंपळ आणि त्याचा पार मध्यभागी ठेवून, मोकळ्या जागा एकमेकींना जोडत. हवा आली, उजेड आला, बहुतेकांची घरे वाचली आणि खर्चही सरकारी योजनेपेक्षा कितीतरी कमी. कष्ट मात्र जास्त. कारण हा नकाशा ऑफिसात बसून निघत नाही.

तलावांची गोष्ट तर आपण सिव्हिलवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. मलेरियाच्या भीतीने तेव्हाचे अधिकारी गावोगावचे तळी-तलाव बुजवायला निघाले होते. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. त्यांना माहीत होतं की डासांच्या अळ्या मासे खातात, बदकं खातात. तलावात मासे आणि बदकं सोडा, काठ नीट ठेवा, डास आटोक्यात येतील असा त्यांचा सल्ला. तलाव गावाची हवा थंड ठेवतो, पावसाचं जादा पाणी पोटात घेतो आणि नळयोजना कधी बंद पडली तर विहिरी-तलावच माणसाला वाचवतात असं त्यांचं म्हणणं होतं. आज आपल्या शहरांत तलाव बुजवून झालेल्या कॉलन्या बघा आणि पावसाळ्यात तिथले फोटो बघा. जास्त काही लिहीत नाही.

१९१७ साल मात्र त्यांच्यासाठी फार वाईट गेले. अ‍ॅलॅस्डर युद्धात दाखल झाला होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बातमी भारतात आली तेव्हा अ‍ॅना तापाने अंथरुणाला खिळलेल्या. हा धक्का त्यांना सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी ती सांगितलीच नाही. बायकोसमोर रोज नेहमीसारखा चेहरा करून बसायचे आणि मुलाचं दुःख आतल्या आत गिळायचं. जूनमध्ये अ‍ॅनाही गेल्या, मुलगा जिवंत आहे असंच समजून. ज्या बाईने तीस वर्षे त्यांच्या विस्कटलेल्या आयुष्याची घडी सांभाळली तिला इथल्या मातीत सोडून हा माणूस पुन्हा नकाशा घेऊन रस्त्यावर उतरला. हे वाचताना मी थांबले होते. पुढचं पान दुसऱ्या दिवशी वाचलं.

आणि पुढचं पान होतं इंदूरचं. होळकरांचे इंदूर. शहरात प्लेग. गेडिस नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरायला लागले तर लोक त्यांना बघून आत पळत. चौकशी केल्यावर कळलं की हाच तो म्हातारा साहेब जो प्लेग आणतो, अशी लोकांची समजूत झालेली. साहेब येतो, पाहणी होते, मग घरे पाडली जातात, हा त्यांचा अनुभव. गेडिस यांनी मग दरबाराकडे एक अजब परवानगी मागितली. मला एक दिवसाचा महाराजा करा! आणि जाहीर केले की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्याने जाईल. कचरा फुकट उचलला जाईल.

बस्स! सगळे शहर कामाला लागले. घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी, गाड्यांवर गाड्या भरून कचरा बाहेर. मिरवणुकीत हत्ती, उंट, घोडे होतेच, पण त्यांच्या मागून घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीरही निघाला. त्यानंतर पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, नवे झाडू घेतलेले, फुलांनी सजलेले सफाई कामगार चालले. मिरवणुकीत त्यांना मानाचे स्थान! मग गवंडी, कारागीर, नव्या शहराच्या प्रतिकृती. शेवटच्या गाड्यांतून तुळशीची रोपे वाटली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. विचार करा, दसऱ्याचा रावण, दिवाळीची साफसफाई, अंगणातली तुळस, यातलं काहीच नवीन नव्हतं. लोकांकडे जे होतं तेच घेऊन एका परक्या माणसाने त्याचा सॅनिटेशन प्रोग्रॅम केला. स्थळ, काम, लोक! १९१८ मध्ये त्यांनी इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यात गावातून वाहणाऱ्या नद्यांचे काठ साफ करून तिथे बागा करायचा विचार आहे आणि मैला नदीत न सोडता त्याचे खत जमिनीला द्यावे हेही आहे. इंदूरने २०१७ पासून सलग सात वर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर काढला. त्याचं श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या मिरवणुकीला देणं धाडसाचं होईल, पण मला तो योगायोग आवडला.

१९१९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्रोफेसर झाले. विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांच्यापासूनच सुरू झाला. मालवणच्या एका हुशार तरुणाला त्यांनी हेरलं आणि त्याला इंग्लंडला शिकायला पाठवावं म्हणून शिफारस केली. तो तरुण म्हणजे गो. स. घुर्ये, भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९२४ मध्ये गेडिस गेले आणि विभाग घुर्यांनी सांभाळला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, १९२० मध्ये, प्रसिद्ध केले. झाडांना जीव आहे हे यंत्राने दाखवणारा शास्त्रज्ञ आणि शहराला जीव आहे असं मानणारा नगररचनाकार, यांची मैत्री होणारच!

तब्येत बिघडल्यामुळे ते फ्रान्समधल्या माँपेलिए इथे राहायला गेले. तिथेही स्वस्थ बसले नाहीत, विद्यार्थ्यांसाठी कॉलेज आणि वसतिगृह उभारत बसले. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. वाहतुकीचे मोठे रस्ते बाहेरून, आत लहान गल्ल्या आणि घरांच्या मधोमध बाग. त्यांच्या कामांपैकी मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आलेलं असं हेच. त्या आराखड्यावर उभा राहिलेला भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. एकदा नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए इथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे बरेचसे अहवाल कपाटांत पडून राहिले. पण विचार राहिला. अमेरिकेचे लुईस ममफर्ड त्यांना गुरू मानत, इतके की मुलाचे नावच त्यांनी गेडिस ठेवले. १९६९ मध्ये इयन मॅकहार्ग या स्कॉटलंडमध्येच जन्मलेल्या प्राध्यापकाने डिझाइन विथ नेचर हे पुस्तक लिहिले. माती, उतार, पाणी, झाडी यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवायचे आणि कुठे बांधू नये ते आधी शोधायचे ही त्यांची पद्धत. आपण लॅबमध्ये जीआयएसचे लेयर चालू-बंद करतो ना, तेच हे. आपल्याकडे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ मध्ये आली आणि नवीन २००६ मध्ये. मोठ्या बांधकामाला त्याशिवाय परवानगी नाही. कायदा आहे, चांगलंच आहे. पण आपण त्याचं काय करतो? आधी प्लॅन काढतो, फ्लॅट मोजतो, आणि मग पर्यावरणाचा रिपोर्ट मागून जोडतो. अगदी आमच्या मिनी प्रोजेक्टसारखा. गेडिस यांचं सगळं आयुष्य हा क्रम उलटा करण्यात गेलं. आधी पाहणी, मग निदान आणि सगळ्यात शेवटी योजना. डॉक्टरने आधी औषध देऊन मग नाडी बघितली तर आपण त्याला काय म्हणू?

आता आमच्या प्रोजेक्टचं काय झालं ते सांगते. रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही चौघी एसटीने त्या प्लॉटवर गेलो, पहिल्यांदाच! कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिथल्या काकांना आम्ही सरांचाच प्रश्न विचारला. ते उठले आणि आम्हाला घेऊन निघाले. सॅटेलाइट इमेजमध्ये आम्हाला जी पायवाट वाटली होती आणि जिच्यावर आम्ही खुशाल नऊ मीटरचा रस्ता आणि तीन नंबरची बिल्डिंग टाकली होती, तो ओढा होता. इमेज उन्हाळ्यातली, म्हणून कोरडा. पावसाळ्यात तिथून कमरेएवढं पाणी जातं असं काकांनी हाताने दाखवलं. थोडं पुढे एक जुनी विहीर, आणि त्या सुकलेल्या माळावर तिला चांगलं पाणी. विहिरीशेजारी पिंपळ. आम्ही त्या जागी पार्किंग दिलं होतं.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत फिरलो. उतार मोजला, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते काढलं, मोठी झाडं मोजली, वारा कुठून येतो ते बघितलं, काकांना आणि शेजारच्या वस्तीतल्या मावशींना हजार प्रश्न विचारले. उन्हाने चेहरे काळवंडले, पण प्लॉट पाठ झाला. मग नवीन शीट केली. ओढा जिथे होता तिथेच ठेवला, दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी सोडली. पार्किंग हलवलं, विहीर आणि पिंपळ वसाहतीच्या मधोमध आले. सहाच्या पाच बिल्डिंगा झाल्या. त्या एका बिल्डिंगवरून आमच्यात रात्रभर भांडण झालं, कारण बिल्डर असा प्लॅन कधी घेईल का हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. नोकरीला लागल्यावर समोरचा सहावी बिल्डिंग मागेल तेव्हा मी काय करीन, तेही आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पाणी कुठे जाईल हे माहीत असूनही मी ती ओढ्यात उभी करणार का, हा प्रश्न तेव्हा निदान मला पडेल. आधी तो पडलाच नसता.

उशिरा सबमिशन केल्याबद्दल आमचे पाच मार्क कापले गेले. सरांनी रिपोर्ट उघडला आणि पहिलंच पान बघून थोडं हसले. पर्यावरणाचं प्रकरण, जे नेहमी शेवटी असतं, ते आम्ही पहिलं घेतलं होतं. आणि या वेळी गावाचं नाव सगळीकडे बरोबर होतं!